उन्हाबद्दल माफ करा

गल्लीतली पोरं परवा दुकानात आली. चौकात एक पाटी लावायची म्हणाली, फायरमन आबांच्या नावाची. वर 'थोर पर्यावरणप्रेमी' असं मोठ्या अक्षरात येणार आहे आणि खाली दोन ओळी हव्या आहेत. "नाना, तुम्ही त्यांचे जुने भाडेकरू. तुमच्याइतकं त्यांना कोणी ओळखत नव्हतं. तुम्ही सांगा."

मी म्हटलं, "लिहा, हा माणूस डोक्याला ताप होता."

पोरं हसली. त्यांना वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मी थट्टा करत नव्हतो. पाटी कशाची करणार विचारलं, तर म्हणाली, स्टीलची. मी म्हटलं, मग तर झालंच! आबा असते तर तुम्हाला पाटीसकट हाकललं असतं. का ते पुढं कळेल. तो माणूस दोन ओळींत मावत नाही म्हणून हे कागदावर घेतोय. मी चौथी शिकलोय. शुद्धलेखन ज्याला तपासायचं त्यानं तपासावं, पण जे लिहिलंय ते बदला असं मला कोणी सांगू नये.

माझं कूलरचं दुकान आहे, मेहरूणमध्ये. पत्रा कापणं, वाकवणं, पंप बसवणं, बाजूच्या जाळ्यांत गवत भरणं, सगळं माझ्या हातचं. गाव माझं एरंडोलकडचं, पण पोटासाठी जळगावला आलो तो इथलाच झालो. लोक उन्हाळ्याला शिव्या देतात, मी कधी दिल्या नाहीत. जळगावच्या मे महिन्यानं माझं घर चालवलं, लेकीचं लग्न करून दिलं. मी उन्हावर जगणारा माणूस, आणि मला घरमालक मिळाला तो उन्हाबद्दल माफी मागणारा.

हो, माफी. गिऱ्हाईक दुकानात येणार, घाम पुसत म्हणणार, "काय ऊन पडलंय हो." कूलरच्या दुकानात येणारा माणूस दुसरं काय म्हणणार? की लगेच दाराशी स्टुलावर बसलेले आबा उठायचे. उंच, काटकुळे, अंगात बिनबाह्यांची बंडी, हातांवर जुन्या भाजल्याचे काळे ठिपके. दोन्ही हात जोडायचे आणि म्हणायचे, "माफ करा. त्यात माझा हात आहे."

गिऱ्हाईक माझ्याकडं बघायचं. मी पत्र्याकडं बघायचो.

एक बाई तर त्यांना लाइट ऑफिसचे साहेब समजली. "अस्सं! म्हणजे तुम्ही होय ते? रोज दुपारी लाइट घालवता, लेकरं भाजून निघतात आमची, लाज कशी वाटत नाही?" अशी तिनं जी सुरुवात केली ती थांबेचना. आबांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. बाई गेल्यावर मी म्हटलं, "आबा, लाइट काही तुम्ही घालवत नाही. सांगायचं ना तिला." तर म्हणाले, "विजेच्या कारखान्यातपण कोळसाच जळतो, नाना. बाई फार चुकीचं बोलली नाही." बाई कूलर न घेता गेली, हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

आमच्या दुकानासमोर अक्का राहायच्या. नगरपालिकेतून रिटायर झालेल्या, पाय गेलेले, दिवसभर खिडकीजवळच्या कॉटवर पडून. खिडकीतून त्यांच्या घरातली निळी भिंत दिसायची आणि भिंतीवरची बुद्धाची तसबीर. गल्ली एवढी अरुंद, की मी हात लांब केला तर अक्कांच्या हातचा चहाचा कप घेता येईल. त्या खिडकीतून ओरडायच्या, "काय हो फायरमन, आज जरा जास्त कोळसा टाकलेला दिसतोय!" आबा इकडून हात जोडायचे. "माफ करा अक्का." अक्का खो खो हसायच्या. अक्कांची करमणूक व्हायची, माझं दुकान बसायचं.

हा कोळसा काय ते सांगतो. आबा भुसावळचे. वाफेची एंजिनं होती त्या काळात रेल्वेत फायरमन होते. एंजिनाच्या पोटात फावड्यानं कोळसा टाकणारा. पुढं डायवर व्हायची परीक्षा आली तेव्हा डोळे नापास झाले, मग शेडमध्येच नोकरी संपली. कोणी चुकून त्यांना डायवर म्हटलं की रेल्वेची हिंदी बाहेर पडायची. "डायवर नही, फायरमन. डायवर सिर्फ सीटी मारता था. कोयला तो मैंने डाला." हे ते आधी अभिमानानं सांगायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. रिटायर झाल्यावर मेहरूणला ही जागा घेतली. पुढं माझं दुकान, बाजूला माझा माल ठेवायची पत्र्याची शेड, वर स्लॅबच्या दोन खोल्या माझ्या बिऱ्हाडाला, आणि मागं त्यांची स्वतःची जुनी धाब्याची खोली. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं आणि काड्या, त्यावर हातभर पांढरी माती. जुनाट म्हणून मी त्या खोलीला नावं ठेवायचो.

अभिमानाची माफी कशी झाली, ते माझ्यासमोरच घडलं. एके सकाळी आम्ही मेहरूण तलावावर फिरायला गेलो होतो. तिथं कॉलेजची पोरं कचरा गोळा करत होती आणि त्यांची मॅडम काठावर उभी राहून भाषण देत होती. पृथ्वी कशी तापतेय, धूर कसा साठतोय. मी म्हटलं, चला आबा, आपल्याला काय करायचंय. पण आबा थांबले, आणि हात वर करून त्यांनी विचारलं, "मॅडम, आमच्या एंजिनातून गेलेला धूर आता कुठं असंल?"

मॅडम चांगली होती. म्हणाली, "आजोबा, काजळी खाली पडली. पण डोळ्यांना न दिसणारा जो भाग असतो ना, तो सहज जात नाही. त्यातला बराच अजून वरच आहे. पांघरुणासारखा."

"पांघरूण? आपल्या अंगावर?"

"हो."

आम्ही घरी आलो. मी त्यांना कढी-भात आणून दिला, तो तसाच राहिला. संध्याकाळी दुकानात आले आणि म्हणाले, "नाना, मी लोकांच्या अंगावर गोधडी टाकली रे. जळगावच्या मे महिन्यात."

मी समजावलं. माझा स्वभाव समजावण्याचा नाही, तरी समजावलं. म्हटलं, "आबा, साऱ्या जगानं कोळसा जाळला. त्यात तुमचा कितीसा?"

"माझा माझ्याएवढा."

"आणि बाकीच्यांचा?"

"तो बाकीच्यांनी सांगावा. मी त्यांच्या वतीनं कशी माफी मागणार?"

"पण माफी मागून ऊन कमी होतं का?"

"तू गर्दीत कोणाच्या पायावर पाय दिला, तर माफ करा म्हणतो का नाही? त्याचा पाय दुखायचा थांबतो का त्यानं? नाही. पण तू आपला पाय तर उचलतो."

मी पत्रा ठोकत बसलो. जोरात ठोकला.

त्यांनी नुसती माफी मागितली असती तरी मी चालवून घेतलं असतं. पण पुढं त्यांना दुसरा नाद लागला. हातात येईल त्या वस्तूमधून ते भट्टी काढायला लागले. माझ्या कूलरपासूनच सुरुवात. "नाना, हा पत्रा कुठून आला?" "दुकानातून." "दुकानात कुठून आला?" "कारखान्यातून." "कारखान्यात कशाचा झाला?" "लोखंडाचा." "लोखंड कशात वितळलं?" "भट्टीत, आबा, भट्टीत!" "निघाली का भट्टी?" असं म्हणून समाधानानं मान हलवायचे. चहाच्या साखरेतून भट्टी, कपातून भट्टी, भिंतीच्या विटेतून भट्टी. एकाच्या लग्नाची पत्रिका आली, तिच्या कागदातूनही काढली. माणूस बोलावणं घेऊन आलाय, त्याला तुम्ही भट्टी विचारता? आता पोरं स्टीलची पाटी करणार म्हणतात. करा. आबा वरून विचारतील, तेव्हा उत्तर तुम्ही द्या.

आणि एसटीचा प्रकार तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझी लेक ज्योती धुळ्याला देवपुरात दिलेली. तिच्या दिराचं लग्न होतं. आबांनाही आग्रहाचं बोलावणं होतं, म्हणून आम्ही दोघं एसटीनं निघालो. मे महिना. मी नवा पांढरा सदरा घातलेला, नवी टोपी. एरंडोलच्या स्टँडवर डायवर चहाला उतरला आणि एंजिन तसंच चालू ठेवून गेला. झालं. आबा उठले. मी म्हटलं, आबा, बसा. नाही बसले. खाली उतरून टपरीवर गेले. मी खिडकीतून बघतोय.

"भाऊ, तुम्ही चहा पिताय, ती कशाला पितेय?"

डायवर म्हणाला, "बाबा, बंद केली तर चालू होत नाही ती. बॅटरी गेलेली शे. धक्का कोण मारंल?"

"मी मारतो."

डायवर इरसाल होता. त्यानं आबांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, बशीतला चहा संपवला, बसमध्ये आला आणि एंजिन बंद केलं. मग पुन्हा चावी फिरवली. गाडी ढिम्म. कंडक्टरनं दारात उभं राहून जाहीर केलं, "चला मंडळी, उतरा खाली. या बाबांनी पृथ्वी वाचवली शे."

बठ्ठी एसटी, झाडून सगळी, खाली उतरली. बायका बाजूला उभ्या राहिल्या आणि आम्ही पुरुष भर दुपारी, डांबर पायाला चिकटतंय अशा उन्हात, गाडी ढकलायला लागलो. लोक आबांना काय काय बोलत होते! आबा सगळ्यात मागं, मधोमध, दोन्ही हात पत्र्याला टेकवून, डोकं खाली घालून, जीव तोडून ढकलत होते. गाडी सुरू झाली तेव्हा माझ्या सदऱ्यावर काळ्या तेलाचा पट्टा होता आणि आबांच्या चेहऱ्यावर हसू. म्हणाले, "बघितलं नाना? सगळ्यांनी हात लावला की हलते."

देवपूरला पोचलो तर अक्षता पडून गेल्या होत्या. व्याही माझ्या सदऱ्याकडं बघत होते. मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगून पटलं असतं का?

हे झालं सगळं गमतीचं. खरा ताप पुढच्या उन्हाळ्यात झाला.

दिराच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत ज्योतीचं एक लेकरू पोटातच गेलं. ऐन उन्हाळ्यात. तिचं सासरचं घर वरच्या मजल्यावर, स्लॅब तापायचा तो पहाटेपर्यंत निवायचा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हानंच झालं असं सांगता येत नाही, पण पुढच्या खेपेला उन्हापासून जपा. मी समजायचं ते समजलो. पुन्हा दिवस गेले तेव्हा ठरवलं, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच तिला माहेरी आणायची आणि बाळंतपण होईपर्यंत हलू द्यायची नाही. पण माझं घर तरी काय? वर स्लॅबच. कूलर लावला तरी मे महिन्याच्या दुपारी तो गरम वाराच फेकतो. हे मी गिऱ्हाइकाला सांगत नाही, पण मला माहीत आहे.

म्हणून मी एसी घेतला. आयुष्यभर कूलर बनवणाऱ्या माणसानं, 'एसी म्हणजे डब्यात कोंडलेली हवा' असं हजार वेळा सांगणाऱ्या माणसानं एसी घेतला. भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, हातगाडीवर पोत्याखाली झाकून आणला. बसवणारा माणूस भिंतीवर खुणा करत होता, तेवढ्यात आबा आले.

"नाना, याची गरम हवा कुठं सोडणार?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कोणाकडं?"

त्यांनी बोट दाखवलं. समोर अक्कांची खिडकी. खिडकीत अक्का. ज्यांना उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही अशा अक्का.

"मागच्या बाजूला लावतो," मी म्हटलं. मागं शेजारच्या घराची भिंत, वीतभर जागा नाही. हे मलाही माहीत होतं. तेवढ्यात अक्काच खिडकीतून म्हणाल्या, "लाव रे नाना, लेकीसाठी लाव. माझं काय, आज आहे उद्या नाही." असं बोलल्यावर माणूस लावू शकतो का, सांगा. एकानं हात जोडायचे, दुसरीनं मरणाची भाषा करायची, आणि मध्ये मी!

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "माझ्या लेकीचं एक लेकरू गेलंय! कशानं गेलं? तुमच्या कोळशानं! रोज तुम्हीच म्हणता ना, तुमचा हात आहे म्हणून? मग आहेच तुमचा हात!"

एवढ्या वर्षांत त्यांचं म्हणणं कोणीतरी पहिल्यांदाच मान्य केलं होतं, आणि ते मी. आबांनी हात जोडले नाहीत. मागं निघून गेले. मी बोललो ते बोललो. त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. तेच वाक्य ते स्वतः रोज बोलायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर म्हाताऱ्यानं आपली ट्रंक, गादी, कंदील, सगळं माझ्या मालाच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवलेलं. धाब्याची खोली झाडून, सारवून मोकळी. म्हणाले, "पोरीला इथं ठेव. आत जाऊन बघ."

मी आत गेलो. बाहेर सकाळीच कातडी भाजत होती आणि आत माठाजवळ बसल्यासारखं वाटत होतं. त्यांनी विचारलं, "निघते का हिच्यातून भट्टी?" मातीतून कुठली भट्टी निघणार? एवढी वर्षं या खोलीला नावं ठेवली, तिच्यातच माझ्या लेकीला ठेवायची वेळ आली. याचासुद्धा मला रागच आला.

त्याच आठवड्यात त्यांनी पांढऱ्या मातीची ट्रॉली मागवली आणि या वयात स्वतः शिडी लावून धाब्यावर चढले. मजुरांनी माती वर पोचवायची, पसरायची यांनी. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना फावडं मारताना बघितलं. कंबरेतून वळायचं, फावडं सपकन जायचं, माती जिथं हवी तिथंच पडायची, एक ढेकूळ इकडं तिकडं नाही. पुन्हा वळायचं. जणू खाली एंजिन चालू आहे. खाली उतरले तेव्हा घामानं निथळत होते. वर बघत म्हणाले, "हे टाकलेलं वरच राहिलं तरी चालंल."

ज्योती आली, मागच्या खोलीत राहिली, एसीवाचून दुपारी शांत झोपायला लागली. आणि म्हातारा पत्र्याखाली. मी शेडमध्ये कूलर लावून दिला, तर बंद करून त्याच्यावर ट्रंक ठेवली. गोणपाट ओलं करून त्यावर पडायचे. मी म्हटलं, "आबा, माझ्या शेडमध्ये मेलात तर लोक मला बोलतील."

"शेड माझी आहे," म्हणाले. "तू भाडेकरू."

मग आली आखाजी. आमच्या खान्देशात आखाजीसारखा दुसरा सण नाही. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघर घागर भरतात. नवी मातीची घागर, तोंडावर लहान मडकं, त्यावर डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज, दोन आंबे, सांजोऱ्या. ही घागर घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं. ऐन उन्हाळ्यात त्यांना तहान लागू नये म्हणून. माझ्या आईवडिलांच्या नावानं आम्ही भरली. आबा दरवर्षी बायकोच्या नावानं एक भरायचे. त्या दिवशी बघतो तर धाब्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी, त्यांच्या घागरीशेजारी आणखी एक. तशीच नवी, वर तसंच डांगर.

माझ्या बायकोनं विचारलं, "आबा, हाई दुसरी कोनी शे?"

आबा सहज म्हणाले, "येणाऱ्याची."

"कोन येवाव शे?"

आबांनी खोलीच्या दाराकडं बघितलं. आत ज्योती होती.

माझी बायको जी किंचाळली! "पोटमाना पोरनी घागर भरस हाऊ म्हातारा! याले काही समजस का नही? मरेलस्नी भरतस घागर, मरेलस्नी!"

आबा गडबडले. खरंच, त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. या माणसाला चहाच्या कपातली भट्टी दिसायची आणि समोर उभ्या बाईच्या पोटातली भीती दिसत नव्हती. म्हणाले, "वहिनी, तसं नाही. आपण गेलेल्यांसाठी दरसाल पाणी ठेवतो. जे यायचेत त्यांच्यासाठी कोणी ठेवत नाही. त्यांना तर आपल्याहून जास्त ऊन लागणार. मी म्हटलं, त्यांच्या वाटचं थोडं…"

"आबा!" मी ओरडलो आणि घागर उचलली. फेकून देणार होतो.

"फोडू नका हो, फोडू नका!" बायको आणखीच किंचाळली. बरोबर होतं तिचं. घागर फुटते ती मसणात. या पोराच्या नावानं भरलेली घागर याच्या आजानं फोडायची? ओतूनही देता येईना. घरातल्या तहानलेल्याचं पाणी मातीत ओतायचं? खाली ठेवावी, तर मेलेल्यांच्या रांगेत पुन्हा तिचं नाव लागणार. मी भर उन्हात, अंगणात, काठोकाठ भरलेली घागर दोन्ही हातांत धरून उभा. वरचं डांगर घरंगळून खाली गेलं. पाणी मनगटावरून ओघळतंय. बायको रडतेय. आबा एकदाचे हात जोडून उभे, पण माफी कोणाची मागायची तेच त्यांना कळत नव्हतं. आयुष्यात एवढा अडकलो नव्हतो मी.

तेवढ्यात ज्योती दारात आली. एक हात चौकटीला, एक हात पोटावर. आमच्या तिघांकडं तिनं बघितलं. तिला सगळं ऐकू गेलं होतं. मला वाटलं, आता ही पोर रडणार, मागचं आठवणार.

ती म्हणाली, "नाना, आना ती घागर."

"कशाला?"

"तीस लागनी."

"माठातलं पी ना, बाई."

"माठमानं माले नको. ज्याना नावनी शे, त्यालेच तीस लागनी."

तिनं घागरीच्या तोंडावरचं लहान मडकं उचललं, बुडवलं आणि उभ्या उभ्या प्यायली. पुन्हा बुडवलं, पुन्हा प्यायली. गळ्यावरून पाणी ओघळून पदर भिजला. मेलेल्याची घागर कोणी पीत नाही. ती प्यायली तेव्हा ती घागर मेलेल्याची राहिलीच नाही. बायको रडता रडता थांबली. आबा तसेच हात जोडून होते. ज्योतीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आबा, पाणी गोड शे. नळाचं नाही ना?"

"गल्लीच्या टोकाच्या हापशाचं," आबा म्हणाले. "हातानं काढलं. मोटारीचं नको म्हटलं. मोटारीतून भट्टी…"

"आबा, गप्प बसा," मी म्हटलं.

पावसाळ्यात ज्योतीला मुलगी झाली. चांगली, रडकी, धडधाकट. आबा बघायला आले आणि खाटेशी उभे राहून त्या एवढ्याशा लेकरापुढं त्यांनी हात जोडले. म्हणाले, "माफ कर गं बाई." माझी बायको आखाजीपासून त्यांच्याशी धड बोलत नव्हती. ती म्हणाली, "हात काय जोडतस? हातमा ल्या तिले." आबांनी हात सोडले, बंडीला पुसले आणि पोर घेतली. त्यानंतर ते किती वेळ काही बोलले नाहीत. ती एवढीच शांतता मला त्यांच्याकडून मिळाली.

गेले ते थंडीत. आपल्या धाब्याच्या खोलीत, झोपेत. उन्हाळ्याला दोष द्यायला एवढीही जागा ठेवली नाही. आधी मला सांगून ठेवलं होतं, की जाळताना लाकूड कमी लावा. लाकडात कोणी काटकसर करतं का? मी नेहमीएवढंच लावलं. आणि दुसरं सांगितलं होतं, "माझ्या नावानं घागर भरू नको. मी माझ्या वाटचं पिऊन झालोय. भरायची तर येणाऱ्याची भर."

आता यावर माझं म्हणणं असं आहे. मेल्यावरही माणसानं दुसऱ्याच्या घरात लुडबुड करावी का? गेलेल्या माणसाला तहान लागते, ही आमच्या बापजाद्यांपासूनची रीत, ती एका फायरमनच्या सांगण्यावरून मी मोडणार नाही. मी दर आखाजीला त्यांच्या नावानं घागर भरतो. मुद्दाम भरतो. त्यांचं एक तरी ऐकलं नाही, एवढं समाधान मला मरेपर्यंत पुरेल.

दुसरी घागरही भरतो. ती उंबऱ्याच्या आत ठेवतो, गेलेल्यांच्या रांगेत नाही. तिच्यावर नाव कोणाचं घ्यायचं ते मला कळत नाही, म्हणून घेत नाही. ज्योती पोरीला घेऊन येते. पोर आता झोक्यावर उभी राहून झोके घेते, उन्हात तांबडीलाल होऊन धावत येते, आणि माठ सोडून थेट त्या घागरीत मडकं बुडवते. मागून गल्लीतली बाकीची पोरं. त्यांचंही त्या घागरीवाचून भागत नाही. दुपारपर्यंत घागर रिकामी. मग पोर मला ओढत अंगणात आणते. "नाना, संपलं. भरा."

मोटारीचं पाणी मी त्यात घालत नाही. का घालत नाही, ते मला विचारू नका. भर उन्हात, डोक्यावर टॉवेल टाकून, मी गल्लीच्या टोकाच्या हापशावर जातो. दांडा तापलेला असतो, खालून पाणी यायला वेळ लागतो. आणि तेवढा वेळ दांडा मारता मारता मी त्या माणसाला जे जे बोलतो, ते चौकातल्या पाटीवर लिहिण्यासारखं नाही.